बेचाळीस खिळे

७ एप्रिल १९९१, रविवार

जिन्यात नोटीस लागली. आमच्या इमारतीच्या स्लॅबमधून सळ्या डोकवायला लागल्यात, तेव्हा दुरुस्तीसाठी ३० तारखेच्या आत सगळ्यांनी घरं रिकामी करायची. सहा महिन्यांचं काम आहे म्हणतात. म्हणजे आठ धरायचे.

पंढरीनं, माझ्या धाकट्या भावानं, ठाकुर्लीला एक खोली बघून ठेवलीय. एकच खोली. उरलेलं सामान त्याच्या मानपाड्याच्या वर्कशॉपच्या माळ्यावर जाईल. कपाट, पलंग, भांडी यांची मला चिंता नाही, ती आपटली तरी भांडीच राहतात. चिंता उत्तमच्या कॉम्प्युटरची आहे.

उत्तम आमचा एकुलता. नोव्हेंबरात गेला. कावीळ झाली, अकरा दिवस हॉस्पिटलात होता. वय सत्तावीस. हे इथं लिहायला मला पाच महिने लागले आणि लिहिलं तर दोन ओळींत मावलं.

११ एप्रिल, गुरुवार

कॉम्प्युटरची मापं घेतली. उत्तमनं दोन वर्षांपूर्वी त्याच्या ऑफिसातून जुना म्हणून घेतलेला. वर टीव्हीसारखा पडदा, खाली पत्र्याचा जड डबा, पुढे अक्षरांची फळी. तेराव्यानंतर मी त्याच्यावर चादर घातली आणि बायकोला, विमलला, सांगितलं, याला कोणी हात लावायचा नाही, चालू करायचा नाही. जसा ठेवून गेला तसाच राहिला पाहिजे. ती "बरं" म्हणाली. ती एवढ्या लवकर "बरं" म्हणत नाही, म्हणून लक्षात राहिलं.

चादर काढली तर खाली धुळीचा कण नाही. बाईमाणसाला स्वच्छतेचं वेड असतं, पण चादरीखालचंही पुसायचं म्हणजे कमालच.

एक गोष्ट मात्र चांगली आहे. विमलला साखरेचा आजार आहे. पूर्वी दुपारी तीन-तीन वाजेपर्यंत उपाशी कामं करत बसायची, मग चक्कर. उत्तम तिच्यावर ओरडून थकला. आता शेजारच्या रंभाबाई सांगत होत्या, "भाऊ, वहिनी अगदी एकच्या ठोक्याला जेवतात हां." डिस्पॅचमधून रिटायर झाल्यापासून मी दहा ते पाच वागळे इस्टेटमध्ये एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो, डबा नेतो, त्यामुळे मला हे दिसत नाही. रविवारी मी घरी असलो की मात्र एक वाजता ताट पुढ्यात घेऊन बसते, जेवत नाही, नजर आतल्या खोलीकडे. माझ्यासमोर जेवायला चौतीस वर्षांनी लाज वाटायला लागली की काय, कोण जाणे.

२० एप्रिल, शनिवार

पेटी तयार. देवदाराच्या फळ्या कारखान्यातून मिळाल्या, रंधा मी स्वतः मारला. मधे फळी घालून दोन कप्पे, आतून डांबरी कागद.

पंढरी संध्याकाळी आला आणि पेटी पाहून हसला. "दादा, विलायतेला पाठवतोयस काय? खोक्यात घाल, वर दोरी मार, झालं."

मी म्हटलं, "छत्तीस वर्षं डिस्पॅचमध्ये काढली. माझ्या हातचा माल फुटून आला असं एक पत्र दाखव."

"बरं बाबा. मग निदान झाकणाला स्क्रू तरी मार. उघडायला बरं."

स्क्रू मारणारा माणूस उघडायच्या तयारीनं मारतो. मला उघडायचाच नाही. खिळे मारलेली पेटी कोणी उगाच उघडून बघत नाही. हे पंढरीला बोललो नाही. "खिळेच" एवढंच म्हटलं.

विमल चहा घेऊन आली तेव्हा पेटीकडे बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "अहो, ठाकुर्लीला नाही का न्यायचा? कोपऱ्यात राहील. मी माझी कपड्यांची पेटी माळ्यावर देते हवी तर."

मी म्हटलं, दहा बाय दहाची खोली, बाहेर सार्वजनिक नळ, भिंतीला ओल. तिथं चार महिन्यांत त्याचा गंज होईल. आणि न्यायचा कशाला, लावायचा कोणी? तिनं रिकामे कप उचलले.

२८ एप्रिल, रविवार

आज बांधला. सगळं लिहून ठेवतो, म्हणजे उघडताना क्रम कळेल.

विमल सकाळीच ठाकुर्लीची खोली धुवायला गेली. जाताना दारातून परत फिरली, आत गेली, कॉम्प्युटरच्या चादरीवरून हात फिरवला. म्हणाली, "बंद आहे हां तो. तसाच बांधा. चालू करून नका बघू."

मी म्हटलं, "मला शिकवू नकोस."

आमच्या डिस्पॅचचा पहिला नियम होता, चालवून बघितल्याशिवाय माल बांधायचा नाही. नाहीतर पोचल्यावर बिघाड कोणाच्या पदरात टाकणार? म्हणून चादर काढली, प्लग लावला, मागचं बटण दाबलं. पंखा फिरला, आकडे मोजले, एकदा पिपाणी वाजली. मग पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली. वाचायच्या आत मी बंद केलं. माल चालू स्थितीत आहे, एवढी खात्री पुरे.

फ्लॉपी जाते त्या खाचेत पुठ्ठ्याचा तुकडा घातला. वायरींना नंबरांच्या चिठ्ठ्या बांधल्या. डबा प्लास्टिकमध्ये, त्यावर गोणपाट, चहूबाजूंनी थर्माकोल. कोपऱ्यांत डांबराच्या गोळ्या आणि औषधांच्या बाटल्यांतून जमवलेल्या ओल शोषणाऱ्या पुड्या. हलवून बघितलं, आतून आवाज नाही.

अक्षरांच्या फळीखाली घडी घातलेला एक कागद निघाला. वरच्या बाजूला उत्तमच्या अक्षरात "आई" दिसलं. उघडला नाही. दुसऱ्याचं पत्र वाचायची सवय नाही, आणि मालाबरोबरचे कागद उघडणाराच वाचतो, पाठवणारा नाही. विमलला द्यावा का, हा विचार आला. पण दोन दिवसांवर सामान हलवायचंय, आता दिला तर ती दोन दिवस भांड्यांना हात लावणार नाही. पाकिटात घालून पाकीट पेटीला बाहेरून चिकटवलं. चूक की बरोबर, मला ठरवता येत नाही. नंतर देईन.

मग झाकण. दोन इंची बेचाळीस खिळे. एकही वाकडा गेला नाही. हात अजून तसाच आहे म्हणायचा. वर स्टेन्सिलनं भिजवू नका, फुटेल, ही बाजू वर, या खुणांचे छत्री, पेला आणि बाण रंगवले, आणि नाव घातलं, उत्तम. पूर्ण नाव घालणार होतो, पण रंग संपत आला होता.

विमल चारला आली. पेटीवर हात ठेवून तिनं विचारलं, "चालू करून नाही ना बघितलात?"

"नाही," मी म्हटलं.

का म्हटलं कळत नाही. मीच घातलेला नियम मीच मोडला, हे सांगायला तोंड झालं नाही. ती "बरं झालं" म्हणाली आणि मोठा श्वास सोडला. हिला त्यातलं काय कळतंय?

३० एप्रिल, मंगळवार

टेम्पो केला. पेटी मी मांडीजवळ धरून मागेच बसलो. मानपाड्याच्या रस्त्याला खड्डे किती म्हणून सांगू. पंढरीच्या माळ्यावर चौघांनी चढवली. खाली त्याची यंत्रं दिवसभर धडधडतात, पण पेटी माझी आहे, भीती नाही.

१६ जून, रविवार

ठाकुर्ली. खोलीत गरम होतं, पण बाकी ठीक.

घरच्या डब्यात विमलच्या दुपारच्या पोळ्या तशाच राहतात. संध्याकाळी घरी आलो की मोजकं काहीतरी खाल्लेलं दिसतं, तेही कळत नाही केव्हा. विचारलं तर "भूकच नव्हती." तिथं शिस्तीत जेवत होती, इथं येऊन पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. पाणी बदलल्यामुळे असेल.

२४ जुलै, बुधवार

नळावर विमलला चक्कर आली. बायकांनी उचलून आणलं, कपाळाला खोक. डॉक्टर म्हणाले, दुपारचं जेवण चुकवता कशाला? मी पण तेच म्हटलं, जरा जोरातच म्हटलं. शेजारणीही ऐकत होत्या. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मग हळूच म्हणाली, "पेटी आणता येईल का हो इथं?"

आजारपणात माणूस काहीही मागतं. मी म्हटलं, डिसेंबरात घरी जाऊ तेव्हा बघू.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

वर्षश्राद्ध झालं. गुरुजी बरे होते, घाई केली नाही. पिंडाला कावळा लवकर शिवला. सगळे म्हणाले, याची काही इच्छा राहिलेली दिसत नाही. विमल तोंडाला पदर लावून आत गेली.

१ डिसेंबर, रविवार

घरी परत. भिंती नव्या, वास चुन्याचा. पेटी आली. चारी कोपरे शाबूत, एक खिळा सैल नाही. पंढरीला दाखवलं. तो म्हणाला, "मान गये, दादा."

मी पेटी आतल्या खोलीत तशीच ठेवणार होतो. विमल म्हणाली, "उघडायची." मी म्हटलं, कशाला? ती म्हणाली, "मी सगुणाला सांगितलंय. पुढच्या रविवारी येतेय." मला न विचारता तिनं काही ठरवलं असं आमच्या संसारात पहिल्यांदा घडलं.

सगुणा म्हात्रे उत्तमच्या ऑफिसात त्याच्या शेजारच्या टेबलावर बसायची. डोंबिवलीची, दोन मुलांची आई, बोलायला फटकळ, हॉस्पिटलात रोज डबा आणायची.

८ डिसेंबर, रविवार

आज पेटी उघडली.

खिळे उपटायला मला पाऊण तास लागला. सगुणा म्हणाली, "काका, तुम्ही काय खजिना पुरलेला काय?" सगळं निघालं तसंच्या तसं. ना ओल, ना गंज. मला खरंच अभिमान वाटला, हेही लिहितो.

सगुणानं वायरी जोडल्या. विमलनं साडी बदलली होती. खुर्चीवर पुढे सरकून, दोन्ही हात अक्षरांच्या फळीजवळ ठेवून बसली. तिला त्या फळीसमोर बसलेली मी कधी पाहिली नव्हती, आणि ती अशी बसली होती की जणू रोजची जागा आहे.

पंखा फिरला. आकडे मोजले. मग डब्यातून टक, टक, टक असा आवाज यायला लागला. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली आणि थांबली.

सगुणानं तीनदा बंद-चालू केलं. आपल्याबरोबर आणलेल्या फ्लॉप्या घालून बघितल्या. मग ती खाली बसली. "काकू, डिस्क गेलीय. वाचतच नाही."

मी म्हटलं, शक्य नाही, माल चालू स्थितीत बांधला होता. ती म्हणाली, "बांधणी चांगलीच आहे हो काका. पण ह्याच्यात आत एक तबकडी असते, ग्रामोफोनसारखी, नि वर एक बारीक सुई. बंद करायच्या आधी एक शब्द टाईप करायचा, पार्क. मग सुई कडेला जाऊन बसते. तो न टाकता बंद केलं नि वरून हादरे बसले, की सुई तबकडीवरच आपटते. ओरखडा पडतो. मग आतलं लिहिलेलं गेलंच."

विमल म्हणाली, "मी टाकला होता. आदल्या दिवशी, शनिवारी. रोज टाकायचे."

"रोज?" मी विचारलं.

तेव्हा तिनं सांगितलं. माझ्याकडे न बघता सांगितलं. ती वेळेवर जेवत नाही म्हणून उत्तमनं त्याच्यात एक युक्ती करून ठेवली होती. चालू केला की तो इंग्रजी अक्षरांत, पण मराठीत विचारायचा, आई, जेवलीस का? "हो" लिहिलं की "शाबास" म्हणायचा. "नाही" लिहिलं की "आधी जेव, मग बोलू." उत्तर आत राहायचं आणि रात्री उत्तम येऊन बघायचा. "तो गेल्यावरही विचारायचाच की," विमल म्हणाली. "मग मी जेवायचे. सुरुवातीला हो एवढंच लिहायचे. मग थोडं थोडं लिहायला लागले. घरातलं. तुमचं."

मी पाकीट फाडून कागद काढला. सगुणानं मोठ्यानं वाचला. "आई, विसरलीस तर हे बघ. बंद करायच्या आधी पार्क टाईप करायचं. सगळ्यात महत्त्वाचं. नाहीतर मी आत लिहिलेलं पुसलं जाईल. बाबांना पण सांगून ठेव."

विमल म्हणाली, "नाही सांगितलं मी. सांगितलं असतं तर तुम्ही लावू दिला नसता." मग फळीवरून हात काढून घेतले. "घाईत माझंच बोट चुकलं असणार त्या दिवशी. मीच घालवलं सगळं."

मी पाणी प्यायला उठलो. पाणी प्यायलो.

९ डिसेंबर, सोमवार

२८ एप्रिलच्या पानावर मी लिहिलंय, वाचायच्या आत बंद केलं. ते खोटं आहे. या वहीतही मी खोटं लिहिलं, जिथं बघणारं कोणी नव्हतं.

वाचलं होतं. चष्मा डोळ्यांवर होता. आई, जेवलीस का? एवढंच, आणि पुढे एक चौकोन लुकलुकत होता, उत्तराची वाट बघत. मला वाटलं तोच विचारतोय. घरात मी एकटा होतो, त्याची आई ठाकुर्लीला फरशी धूत होती, आणि तो विचारत होता. मी बटण शोधत बसलो नाही. भिंतीतला प्लगच उपसला. आणि लगेच गोणपाट गुंडाळलं, लगेच झाकण, लगेच खिळे. बेचाळीस वेळा हातोडी घातली. एकही वाकडा गेला नाही म्हणून खूश झालो.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे मी कारखान्यात किती जणांना ऐकवलं असेन.

१२ डिसेंबर, गुरुवार

सगुणा आज पुन्हा येऊन गेली. ऑफिसातल्या एका जाणत्या माणसाला विचारून आलेली. उपयोग नाही म्हणाला. उत्तमच्या सगळ्या फ्लॉप्या बघितल्या, ऑफिसचीच कामं आहेत.

विमल तीन दिवस दुपारी जेवलेली नाही. रात्री माझ्यासमोर दोन घास. काल भिंत धरून चालत होती. स्वतःशी पुटपुटते, "पी आधी की ए? पी, ए." मी आतल्या खोलीतून ऐकतो. सांगायला जातो आणि दारातून परत येतो. सांगितलं तर ती मला आयुष्यात क्षमा करणार नाही. नाही सांगितलं तर ती हे असंच पुटपुटत मरेल. माझ्या मुलाला मी वाचवू शकलो नाही ते डॉक्टरांच्या हातात होतं. हे माझ्या हातात आहे आणि मी घाबरतोय.

१४ डिसेंबर, शनिवार

सांगितलं.

ती तांदूळ निवडत होती. मी समोर जमिनीवर बसलो, गुडघे दुखत होते तरी बसलो. म्हटलं, "तुझं बोट चुकलं नव्हतं. मी चालू केला होता. प्लग उपसून बंद केला. वर खोटं बोललो."

ताटातला तांदूळ तिनं बोटांनी एका बाजूला केला, मग परत दुसऱ्या बाजूला. "सात महिने," म्हणाली. "नळावर पडले तेव्हा माझ्यावर ओरडलात. चार बायकांत. तेव्हा तरी सांगायचं."

तूही पाच महिने माझ्यापासून लपवून लावत होतीस, हे माझ्या ओठांवर आलं. गिळलं. माझ्या भीतीनंच लपवत होती ना.

मग तिनं विचारलं, "वाचलंत तुम्ही?"

"हो."

"सगळं नीट आलं होतं?"

"नीट. आई, जेवलीस का. आणि पुढे चौकोन."

"म्हणजे शेवटचं तुम्हाला दिसलं." तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पुसलं नाही. "मग उत्तर का नाही दिलंत? त्यानं विचारलं, आणि तुम्ही उत्तर न देता उठलात?"

मी रडलो. उत्तम गेला तेव्हा चारचौघांत रडलो नव्हतो, आज तांदळाच्या ताटासमोर लहान मुलासारखा रडलो. तिनं मला जवळ घेतलं नाही. पण उठूनही गेली नाही.

१५ डिसेंबर, रविवार

सकाळपासून ती माझ्याशी बोलली नाही. मी पेटीच्या फळ्या सोडवून रचून ठेवल्या. खिळे एका डब्यात घातले. कॉम्प्युटर तिथंच राहील, चादर घालणार नाही.

एक वाजला. ती ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो. चौतीस वर्षांत मी या दारातून किती वेळा विचारलं असेल, झाला का स्वयंपाक, वाढतेस का, डबा भरलास का. पण हा प्रश्न मी तिला एकदाही विचारलेला नाही. रात्री अंथरुणात आठवून आठवून बघितलं, एकदाही नाही. मुलाला तो यंत्रात घालून ठेवावा लागला.

म्हटलं, "जेवलीस का?"

तिचा हात थांबला. वळली नाही. म्हणाली, "नाही."

"आधी जेव," मी म्हटलं. "मग बोलू."

ती ओटा धरून तशीच उभी राहिली. खांदे हलत होते. मी दोन ताटं घेतली, पोळ्या वाढल्या, भाजी कुठल्या भांड्यात आहे ते शोधलं. चटणी मला सापडली नाही, ती तिनं काढून दिली. एक पोळी खाल्ली तिनं. मी मोजली. मग अर्धी आणखी.

उद्यापासून डबा नको म्हणून तिला सांगितलं. कारखान्यातून घरापर्यंत सायकलनं सतरा मिनिटं लागतात. एकच्या आत पोचेन.